‘जवळ’ म्हणजे किती? दोन फोनांमधील संभाषणाचा आणि आरोग्य सेतूचा इतिहास

दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून निघून, बदरपूरची सीमा ओलांडून, फरीदाबाद शहरातून बल्लभगढपर्यंत जाणारी मेट्रोची व्हायोलेट मार्गिका १० सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. २२ मार्चपासून ती बंद होती. प्रवाशांसाठी मुखपट्टी, तापमानाची तपासणी आणि एक आसन सोडून बसणे हे नियम होते. त्यांच्या जोडीला ‘आरोग्य सेतू’ हे अ‍ॅप फोनमध्ये बाळगण्याचे आवाहनही होते.

अ‍ॅपमागील गृहीतक साधे होते. दोन माणसे जवळ आली की त्यांचे फोनही जवळ येतात. हे फोन ब्लूटूथच्या साहाय्याने एकमेकांची नोंद घेतील आणि पुढे त्यांपैकी एकाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले, तर दुसऱ्याला सावध करता येईल.

या गृहीतकातील ‘जवळ’ हा शब्द मात्र फोनला ठाऊक नाही. फोनच्या रेडिओला कळते ती केवळ येणाऱ्या सिग्नलची तीव्रता. तीव्रतेवरून अंतर, अंतरावरून संपर्क, संपर्कावरून जोखीम आणि जोखमीवरून माणसाच्या वावरावर बंधन, अशा चार पायऱ्या चढल्यानंतरच फोनचा आकडा माणसाच्या आयुष्यात उतरतो. यांपैकी पहिली पायरी भौतिकशास्त्राच्या कक्षेत येते. उरलेल्या तीन माणसांनी ठरवलेल्या असतात. आरोग्य सेतूचा इतिहास या चारही पायऱ्यांचा इतिहास आहे, आणि तो समजण्यासाठी ब्लूटूथ मुळात कशासाठी जन्मले हे आधी पाहावे लागते.

तार काढून टाकण्यासाठी घडवलेला रेडिओ

१९९४ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसन आणि स्वेन मॅटिसन हे अभियंते एका मर्यादित प्रश्नावर काम करत होते: फोन आणि त्याची उपकरणे यांना जोडणारी तार नाहीशी कशी करावी? यंत्र स्वस्त हवे, वीज कमी खाणारे हवे आणि काही मीटरच्या टप्प्यात चालले तरी पुरे, एवढ्याच अटी होत्या. १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक यांनी या तंत्रासाठी दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लॅटन्ड याचे नाव सुचवले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन त्याचे सामायिक मानक उभे केले.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. हाच पट्टा वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही वापरतात. या गर्दीत तग धरण्यासाठी ब्लूटूथ एका सेकंदात १,६०० वेळा वाहिनी बदलते. वारंवारता बदलत राहण्याच्या कल्पनेचे एक प्रसिद्ध पेटंट अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये मिळाले होते. मात्र ‘ब्लूटूथ लमारने शोधले’ हे समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारे विधान अतिशयोक्त आहे. कल्पनेचे साम्य आहे, पण थेट वारसा दाखवता येत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

पुढचा महत्त्वाचा टप्पा २०१० चा. ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत अल्पऊर्जा पद्धत आली. तिचे मूळ नोकियाने २००६ मध्ये जाहीर केलेल्या ‘वायब्री’ या तंत्रात होते. जुन्या पद्धतीत दोन यंत्रांना आधी जोडणी करावी लागे. नव्या पद्धतीत एखादे यंत्र कोणाशीही जोडले न जाता ठरावीक काळाने एक छोटासा संदेश हवेत सोडू शकते: ‘मी येथे आहे, माझी खूण ही.’ या संदेशात अ‍ॅपला स्वतःची माहिती भरण्यासाठी ३१ बाइट एवढीच जागा असते. तो ४० पैकी केवळ ३ वाहिन्यांवर, म्हणजे २,४०२, २,४२६ आणि २,४८० मेगाहर्ट्झवर प्रसारित होतो. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, अशी ही दवंडी आहे.

अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या हाती या दवंडीतून दोनच गोष्टी येतात: पाठवणाऱ्याची खूण आणि सिग्नलची तीव्रता सांगणारा एक ऋण आकडा. अंतर त्यात नसते. ते नंतर काढावे लागते.

भारतीय फोन एकमेकांशी आधीपासूनच बोलत होते

२०२० पूर्वीच भारतातील कोट्यवधी लोक फोन-ते-फोन देवाणघेवाणीत तरबेज झाले होते. इंटरनेट महाग असण्याच्या काळात गाणी, चित्रे आणि चित्रफिती ब्लूटूथवरून एका हातातून दुसऱ्या हातात जात. पुढे शेअरइट आणि झेंडर या अ‍ॅपनी ब्लूटूथची गती अपुरी ठरवली. त्यात एक फोन स्वतःच वायफायचे केंद्र बनतो, दुसरा त्याला जोडला जातो आणि मधे कोणतेही मोबाइल मनोरे किंवा इंटरनेट न येता फाइल थेट पोहोचते. ही दोन्ही अ‍ॅप २९ जून २०२० च्या आदेशाने बंदी घातलेल्या ५९ चिनी अ‍ॅपच्या यादीत होती. एका बाजूला शासन नागरिकांना फोन-ते-फोन संवादाचे एक अ‍ॅप घ्यायला सांगत होते आणि त्याच उन्हाळ्यात अशाच संवादाची सर्वांत परिचित अ‍ॅप फोनमधून काढली जात होती.

जवळिकीतून पसरणाऱ्या रोगाशीही ब्लूटूथची ओळख जुनीच होती. जून २००४ मध्ये आढळलेला ‘काबीर’ हा भ्रमणध्वनीवरचा पहिला कृमी मानला जातो. सिम्बियन प्रणालीच्या फोनमध्ये शिरून तो ब्लूटूथच्या टप्प्यात येणाऱ्या दुसऱ्या फोनवर स्वतःची प्रत पाठवू पाहत असे. सोळा वर्षांनी तोच टप्पा माणसांमधील संसर्गाचा माग काढण्यासाठी वापरला जाणार होता.

एकवीस दिवसांत उभे राहिलेले अ‍ॅप

सिंगापूरने २० मार्च २०२० रोजी ‘ट्रेसटुगेदर’ हे ब्लूटूथवर आधारलेले संपर्कशोधाचे अ‍ॅप आणले. ३१ मार्चला ऑक्सफर्डच्या संशोधकांचा एक लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लक्षणे दिसण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणात प्रसार होत असल्याने हाताने केलेला संपर्कशोध या विषाणूच्या मागे पडतो, आणि तत्काळ सूचना देणारे अ‍ॅप ती उणीव भरू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता.

दोनच दिवसांनी, २ एप्रिलला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आरोग्य सेतू प्रसृत केले. उद्योग आणि शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवकांच्या साह्याने ते सुमारे २१ दिवसांत तयार झाल्याचे शासनाने नंतर सांगितले. तेरा दिवसांत त्याने ५ कोटी फोन गाठले. मेच्या अखेरीस वापरकर्त्यांची संख्या ११ कोटींच्या पुढे गेली आणि अ‍ॅप १२ भाषांत उपलब्ध होते. मेच्या मध्यास जिओफोनसाठी वेगळी आवृत्ती आली. साधा फोन किंवा घरातील दूरध्वनी असणाऱ्यांसाठी १९२१ या क्रमांकावर स्वयंचलित उत्तरसेवाही होती. अर्थात साध्या फोनवरून स्वतःच्या लक्षणांविषयी सांगता येत होते. शेजारच्या फोनची नोंद घेण्याची सोय त्यात नव्हती.

नोंदणी करताना अ‍ॅप नाव, फोन क्रमांक, वय, लिंग, व्यवसाय आणि गेल्या ३० दिवसांतील परदेशप्रवास विचारत असे. सर्व्हर त्या व्यक्तीला एक अंकीय खूण देई. दोन फोन टप्प्यात आले की या खुणांची, वेळेची आणि ठिकाणाची नोंद फोनमध्ये साठे. त्याशिवाय दर पंधरा मिनिटांनी फोनचे स्थानही नोंदले जाई. एखाद्याची चाचणी होकारार्थी आली किंवा स्वयंमूल्यमापनात धोक्याची शक्यता दिसली, की ही नोंद सर्व्हरवर जाई.

पोलादी डब्यातील लहरी

आता पहिली पायरी: तीव्रतेवरून अंतर. मोकळ्या मैदानात हे गणित सोपे असते. अंतर दुप्पट झाले की तीव्रता ६ डेसिबलने घटते. मेट्रोचा डबा मात्र मैदान नाही.

पहिला अडथळा माणसाच्या शरीराचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि शरीराचा मोठा भाग पाणीच आहे. फोन मागच्या खिशात असेल आणि समोर दुसरी व्यक्ती उभी असेल, तर मधे आलेल्या देहामुळे सिग्नल १० ते २० डेसिबलने सहज घटतो. २० डेसिबलची घट म्हणजे मोकळ्या मैदानातील हिशेबाने अंतर दहापट भासणे. एका मीटरवर उभा असलेला सहप्रवासी गणिताला दहा मीटरवर दिसू लागतो.

दुसरा अडथळा धातूच्या भिंतींचा. या लहरींची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरींत मिसळून कोठे बळकट होतात, तर कोठे एकमेकींना पुसून टाकतात. बळकट जागा आणि पुसट जागा यांत काही सेंटिमीटरचेच अंतर असते. फोन मांडीवरून हातात घेतला तरी आकडा बदलतो, माणूस मात्र आपल्या जागीच असतो. शिवाय तिन्ही वाहिन्यांची वारंवारता वेगळी असल्याने प्रत्येकीवरील चढउतार वेगळा, आणि ऐकलेला संदेश कोणत्या वाहिनीवरचा होता हे अ‍ॅपला सहसा कळत नाही.

तिसरा अडथळा फोनांच्या विविधतेचा. प्रत्येक मॉडेलचा अँटेना आणि प्रक्षेपणशक्ती निराळी. एकाच अंतरावरून दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन वेगळ्या आवाजात बोलतात.

या सर्वांचा परिणाम कसा होतो, हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी २०२० मध्ये प्रत्यक्ष मोजले. त्यांनी ट्रामच्या डब्यात माणसे बसवून गूगल आणि अ‍ॅपल यांच्या संपर्कसूचना यंत्रणेची परीक्षा घेतली. दोन मीटरच्या आत पंधरा मिनिटे किंवा अधिक काळ असणाऱ्या प्रवाशांना ओळखणे हे काम होते. स्वित्झर्लंड आणि जर्मनीने ठरवलेल्या निकषांनी एकही सूचना निघाली नाही. इटलीच्या निकषाने खऱ्या संपर्कांपैकी ५० टक्के पकडले आणि संपर्कात नसलेल्यांपैकीही ५० टक्क्यांना सूचना दिली. नाणे उडवून प्रवासी निवडले असते तरी निकाल साधारण असाच आला असता. आरोग्य सेतूची यंत्रणा याहून वेगळी होती, पण ज्या लहरींवर ती उभी होती त्या याच होत्या.

फरीदाबादमध्ये, गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अरवलीच्या पायथ्याशी ट्रान्सलेशनल स्वास्थ्य विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. महामारीत तिच्या प्रयोगशाळांनी कोविडविषयक चाचण्यांचे काम केले. लसींची तुलनात्मक तपासणी करण्यासाठी ‘सेपी’ या आंतरराष्ट्रीय आघाडीने उभारलेल्या प्रयोगशाळांच्या जाळ्यातही २०२० मध्येच तिचा समावेश झाला. अशा प्रयोगशाळेत कोणतीही नवी चाचणी आली की दोन प्रश्न आधी विचारले जातात. खरोखर बाधित असलेल्यांपैकी किती जणांना ती पकडते? बाधित नसलेल्यांपैकी किती जणांना ती चुकून बाधित ठरवते? या दोन आकड्यांशिवाय चाचणीचा निकाल वाचता येत नाही. दोन फोनांमधून काढलेले ‘जवळ’ हीदेखील एक चाचणीच आहे. नमुना नाकातून घेतला नाही, हवेतून घेतला, एवढ्याने ते दोन प्रश्न टळत नाहीत.

झोपलेला फोन

लहरींच्या अडचणींवर फोनच्या प्रणालीने आणखी एक भर घातली. बॅटरी वाचवण्यासाठी आणि गुप्त पाळत रोखण्यासाठी प्रणाली पडद्याआड गेलेल्या अ‍ॅपचे हात बांधते. आयफोनमध्ये पडदा बंद असताना अ‍ॅपची दवंडी अशा स्वरूपात जाते की दुसऱ्या झोपलेल्या आयफोनला ती ऐकू येत नाही. ब्रिटनने मे २०२० मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर आपले पहिले अ‍ॅप आजमावले, तेव्हा आसपासच्या अँड्रॉइड फोनपैकी ७५ टक्के ओळखले गेले आणि आयफोनपैकी केवळ ४ टक्के. १८ जूनला ते अ‍ॅप सोडून देण्यात आले.

भारताला ही अडचण कमी जाणवली, कारण आरोग्य सेतूचे सुमारे ९८ टक्के वापरकर्ते अँड्रॉइडवर होते. तेथे दुसरी गुंतागुंत होती. अँड्रॉइडच्या २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून ब्लूटूथने आसपासचे फोन शोधायचे असतील तर स्थानाची परवानगी मागावी लागे. दुकानात किंवा स्थानकात बसवलेल्या खुणांवरून माणूस कोठे आहे हे कळू शकते, हे त्यामागचे कारण. त्यामुळे स्थान न वापरणाऱ्या अ‍ॅपलाही ‘स्थान पाहू द्याल का?’ असे विचारणे भाग पडे. सामान्य वापरकर्त्याला हा भेद कळणे अवघड होते. २०२१ मधील बाराव्या आवृत्तीत जवळच्या उपकरणांची परवानगी वेगळी झाली, पण तोवर महामारीचे पहिले दीड वर्ष उलटून गेले होते.

नोंदवही कोणाच्या घरी?

१० एप्रिल २०२० रोजी अ‍ॅपल आणि गूगल यांनी संयुक्त योजना जाहीर केली आणि २० मे रोजी ती कार्यान्वित केली. तिच्यात फोनची खूण दर १० ते २० मिनिटांनी बदलते. बाधित व्यक्तीने संमती दिली तर तिच्या खुणांच्या किल्ल्या सर्वांना पाठवल्या जातात आणि ‘मी तिच्या जवळ होतो का’ हे प्रत्येकाचा फोन स्वतःच तपासतो. कोण कोणाला भेटले याची यादी कोणत्याही सर्व्हरवर तयार होत नाही. स्थान वापरण्यासही या योजनेत मनाई होती.

भारताने हा मार्ग घेतला नाही. त्यामागे कारण होते. संपर्कांसोबत स्थान कळले तर पुढचा उद्रेक कोठे होणार याचा अंदाज बांधता येतो, आणि मेच्या अखेरीपर्यंत अशी ३,५०० हून अधिक ठिकाणे ओळखल्याचे शासनाने सांगितले. आरोग्य यंत्रणेच्या दृष्टीने हा लाभ खरा होता. त्याची किंमत अशी की माहितीवरील विश्वास गणितावर न राहता ती सांभाळणाऱ्यावर राहिला. ११ मे २०२० रोजी त्यासाठी एक नियमावली जाहीर झाली आणि २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा मूळ कार्यक्रम खुला करण्यात आला. ही दोन्ही पावले योग्य होती, पण अ‍ॅप कोट्यवधी फोनमध्ये पोहोचल्यानंतर ती उचलली गेली.

सांभाळणाऱ्यावर टाकलेला विश्वास किती नाजूक असतो, हे सिंगापूरमध्ये दिसले. गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिस ट्रेसटुगेदरची माहिती मागू शकतात, हे जानेवारी २०२१ मध्ये तेथील संसदेत मान्य करण्यात आले. लोकांना आधी वेगळे सांगितले गेले होते. महिन्याभरात कायदा करून हा वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला.

सीमा, कारखाना आणि सक्ती

फाळणीनंतर विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी वसवलेले फरीदाबाद हे कारखान्यांचे शहर आहे. त्याच्या एका अंगाला दिल्ली आहे, दुसऱ्या अंगाला यमुनेपलीकडे गौतम बुद्ध नगर. लोक एका राज्यात राहतात आणि दुसऱ्या राज्यात कामाला जातात. एप्रिल २०२० च्या अखेरीस हरियाणाने दिल्लीला लागून असलेल्या आपल्या सीमा बंद केल्या, तेव्हा या रोजच्या येण्याजाण्यालाच कुलूप लागले. राजधानी परिसरात ये-जा करण्यासाठी तिन्ही राज्यांचे एक सामायिक धोरण असावे, असे ४ जूनला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

याच काळात चौथी पायरी, म्हणजे वावरावरचे बंधन, अ‍ॅपशी जोडली गेली. १ मे २०२० च्या केंद्रीय आदेशाने शासकीय आणि खासगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू बंधनकारक केले. शंभर टक्के कर्मचाऱ्यांकडे ते असल्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांवर टाकली. यमुनेपलीकडे गौतम बुद्ध नगरच्या पोलिसांनी तर स्मार्टफोनमध्ये अ‍ॅप नसणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली दंडनीय प्रमाद ठरवला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायदान केलेले आणि विदासंरक्षण समितीचे अध्यक्ष राहिलेले सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी अशा सक्तीला कोणत्याही कायद्याचा आधार नाही, असे स्पष्टपणे सांगितले. १७ मेच्या आदेशात भाषा मवाळ झाली. ज्यांच्याकडे योग्य फोन आहे त्यांच्याकडे अ‍ॅप असावे यासाठी मालकांनी शक्य तेवढा प्रयत्न करावा, एवढेच उरले.

कलम १८८ या इतिहासात अचानक आलेले नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने आणि हरियाणाने ज्या साथरोग अधिनियमाखाली आदेश काढले, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा आहे आणि त्याच्या उल्लंघनाची शिक्षा तेव्हा कलम १८८ कडेच बोट दाखवत होती. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांतच हा कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या समितीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. त्यातून उद्भवलेला संताप २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कोणत्या थराला गेला, हे मराठी वाचकास सांगण्याची गरज नाही. साथीच्या शास्त्राच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे: झडतीच्या धास्तीने लोक रुग्ण लपवू लागले. माहिती काढून घेण्यासाठी वापरलेल्या बळानेच माहितीचा झरा आटवला.

फोनच्या बाबतीत लपवणे त्याहून सोपे असते. दारावर अ‍ॅप दाखवायचे आणि आत गेल्यावर ब्लूटूथ बंद करायचे. सक्तीने अ‍ॅप उतरवून घेतल्याचे आकडे वाढतात. संपर्क नोंदले जातात की नाही, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

उपयोग झाला का?

संपर्क नोंदला जाण्यासाठी दोन्ही व्यक्तींकडे अ‍ॅप हवे. लोकसंख्येच्या ज्या अंशाकडे अ‍ॅप आहे, त्याचा वर्ग म्हणजे नोंदल्या जाऊ शकणाऱ्या भेटींचा अंश. मे २०२० च्या अखेरीचे सुमारे साडेअकरा कोटी वापरकर्ते म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या साधारण ८ टक्के. त्याचा वर्ग १ टक्क्याहूनही कमी भरतो. वापरकर्ते सर्वत्र सारखे पसरलेले नसतात, म्हणून दिल्ली-फरीदाबादसारख्या शहरी पट्ट्यात हे प्रमाण निश्चितच वर असणार. तरीही पहिल्या महिन्यांतील दहा कोटींचा आनंद आणि वर्गाचे हे गणित यांत मोठी दरी होती.

अ‍ॅपने सुचवल्यावरून चाचणी केलेल्यांपैकी जवळजवळ २४ टक्के बाधित निघाले, तर एकूण चाचण्यांत हे प्रमाण ४.६५ टक्के होते, असे शासनाने २६ मे रोजी सांगितले. आकडा प्रभावी आहे. परंतु अ‍ॅप लोकांना केवळ ब्लूटूथच्या नोंदीवरून निवडत नव्हते. स्वयंमूल्यमापनात लोक ताप, खोकला अशी लक्षणे स्वतःच भरत होते. लक्षणे असलेल्यांत बाधितांचे प्रमाण अधिक असणारच. त्यामुळे या २४ टक्क्यांत दोन फोनांमधील संभाषणाचा वाटा किती आणि ‘तुम्हाला ताप आहे का?’ या जुन्या प्रश्नाचा किती, हे या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही.

ही पद्धत निरुपयोगीच होती असा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. ब्रिटनने पहिले अ‍ॅप सोडल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये अ‍ॅपल-गूगलच्या यंत्रणेवर नवे आणले. ते ऐच्छिक होते आणि सुमारे २८ टक्के लोक ते नियमित वापरत होते. त्याने वर्षअखेरपर्यंत टाळलेल्या रुग्णांची संख्या एका पद्धतीने सुमारे २,८४,००० आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,९४,००० एवढी येते, असा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. लहरींच्या मर्यादा तेथेही तशाच होत्या. फरक असा की एका भेटीच्या अचूकतेवर सारे अवलंबून नव्हते. सूचना मिळालेला माणूस स्वेच्छेने घरी थांबत होता आणि असे लाखो छोटे निर्णय मिळून साथीचा वेग मंदावत होता. मोजमाप अंधुक असेल, तेव्हा त्यावर सल्ला उभा राहू शकतो. शिक्षा उभी राहू शकत नाही.

अ‍ॅप गेले, दवंडी उरली

आरोग्य सेतूतील संपर्कशोधाची सोय बंद करण्यात आली असून तीतून गोळा झालेली माहिती नष्ट केली आहे, असे फेब्रुवारी २०२३ मध्ये शासनाने लोकसभेत सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंकीय वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा संमत झाला. अ‍ॅप आले तेव्हा देशापुढे २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा खासगीपणाविषयीचा निकाल होता, कायदा मात्र नव्हता. क्रम उलटा असता तर आरोग्य सेतूला मिळालेला विश्वासही कदाचित वेगळा असता.

३१ बाइटची ती दवंडी आजही चालू आहे. हरवलेली किल्ली शोधून देणाऱ्या खुणा तिच्यावरच चालतात. कोणी अशी खूण दुसऱ्याच्या पिशवीत लपवून त्याचा माग काढू लागले, तेव्हा अ‍ॅपल आणि गूगल यांना मे २०२४ मध्ये अनोळखी खुणेची सूचना देणारी सामायिक सोय आणावी लागली. शेजारच्या फोनवर फाइल पाठवणे, दुकानातील देयक, वर्गातील उपस्थिती यांसाठी नवी अ‍ॅप रोज लिहिली जात आहेत.

अशा प्रत्येक अ‍ॅपच्या कार्यक्रमात एक ओळ असते: तीव्रता अमुक आकड्याच्या वर गेली तर ‘जवळ’, नाही तर ‘दूर’. फोन तो आकडा ठरवत नाही. विद्यार्थी असो वा शासकीय अभियंता, ती ओळ कोणीतरी माणूसच लिहितो. तो आकडा कोणत्या खोलीत, किती देहांमध्ये, कोणत्या फोनांवर मोजून ठरवला आणि तो चुकला तर त्याचा भार कोणावर पडेल, हे त्या ओळीशेजारीच लिहून ठेवण्याची शिस्त आपल्याकडे रुजली, तर पुढच्या साथीत मेट्रोच्या डब्यातील प्रवाशाला आपल्या फोनचे ऐकण्यासाठी एक सबळ कारण मिळेल.